गोष्टीखाली नाव लिहिणाऱ्या बाई

बाईंना कुणी 'आज्जी' म्हटलेलं खपत नसे. वय सत्तरीकडं झुकलेलं, डोईवर पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत मुलांसाठी स्वतः लिहिलेली पुस्तकं. अशी बाई शाळेच्या दारात उभी राहिल्यावर पोरांच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण कुणी तसं म्हटलं की त्या तिथंच थांबायच्या. "आज्जी तुझ्या घरी आहे ना? तिला म्हण. मी विचारते ते घरी जाऊन तिला विचार. मला नुसतं बाई म्हण."

लग्न केलं नव्हतं. सातारच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत, माइकसमोर त्यांची सगळी नोकरी झाली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. खिडकीशी ताटकळत उभ्या असलेल्या बायका त्यांच्याशी बोलायच्या. पंचमीला माहेरी निघालेली कुणी, जत्रेला निघालेली कुणी. बाई ते बोलणं जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपून ठेवायच्या. त्यातूनच त्यांची पुस्तकं झाली. बैलांचा सण बेंदूर, पंचमीचे फेर, हादग्याची खिरापत, पोरींचे खेळ. तीसबत्तीस पानांची, मोठ्या अक्षरांची. निवृत्त झाल्यावर त्या ती पुस्तकं घेऊन सातारा-सांगलीतल्या शाळा आणि वाचनालयं पालथी घालायला लागल्या.

मी पलूसजवळच्या एका गावात ग्रंथपाल आहे. बाईंची आणि माझी ओळख एका पोस्टकार्डानं झाली. 'मंगळवारी पावणेअकराच्या गाडीनं येते. मुलं जमवा. हारतुरे नकोत. माइक तर मुळीच नको.' फोन त्यांना आवडायचा नाही. "न दिसणाऱ्या माणसांशी जन्मभर बोलले, आता पुरे," म्हणायच्या. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'ग्रंथपाल', शाळेतले 'हेडमास्तर', गाडीतला 'कंडक्टर'. रागानं नव्हे. माणूस ज्या कामाला बसलाय त्या कामाचं नाव घेतलं की तो ते नीट करतो, अशी त्यांची समजूत होती.

त्या मंगळवारी शाळेची पोरं वाचनालयात आणली होती. आमचे हेडमास्तर उभे राहिले आणि 'आपली थोर संस्कृती' असं सुरू केलं. बाई मध्येच म्हणाल्या, "हेडमास्तर, बसा. मुलांच्यात बसा, खाली." हेडमास्तर बसले. मग स्टँडवरचा तो आवाज निघाला. "लक्ष द्या! बेंदराच्या गोष्टीची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." पोरं खिदळली. त्यांनी विचारलं, "बेंदराला तुमच्या घरी बैलाला घास कोण देतं?"

पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत पोरगी उठली. "आमच्यात बैल न्हाईत. ट्रॅक्टर हाय."

"मग ट्रॅक्टरला काय देता?"

"धुतो. हार घालतो. म्होरं नारळ फोडतो. आन् आई पुरणपोळी वळून बॉनेटवर ठेवती."

मागं दोघंतिघं शिक्षक फिसकन हसले. बाईंनी मान वळवली. "हसताय काय? तुमच्या डोळ्यांदेखत नवी रीत जन्माला आली. लिहून ठेवा." स्वतः वही काढून त्यांनी लिहून घेतलं आणि त्या पोरीला दोनदा विचारलं, "पोळी बॉनेटवर किती वेळ ठेवता? मग ती खातं कोण?" पोरगी म्हणाली, "मीच." त्यावर बाई इतक्या मनापासून हसल्या की हेडमास्तरांचं ते थोर संस्कृतीचं भाषण सगळेच विसरले.

सत्काराची त्यांची एक तऱ्हा होती. शाल हातात पडली की स्वैपाकाच्या खोलीकडं जायच्या आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाईच्या खांद्यावर टाकायच्या. नारळ मिळाला की तिथंच पायरीवर फोडायच्या. आमच्याकडं फोटो निघायच्या आधीच त्यांनी तो फोडला आणि पोरांना तुकडे वाटले. वाचनालयाचे अध्यक्ष कॅमेऱ्याकडं तोंड करून तसेच उभे राहिले. एका शाळेनं तर त्यांना पुन्हा बोलवायचं नाही असा ठरावच केला. बाई पुढच्या वर्षी न बोलावता गेल्या.

त्यानंतर त्या वर्षातून दोनतीनदा आमच्याकडं यायच्या. पुढं खांदा दुखायला लागला, तेव्हा लांबच्या गावी जाताना त्या मला रजा टाकायला लावून बरोबर न्यायच्या. पिशवी मी घ्यायची. त्यामुळंच जत तालुक्यातल्या एका वस्तीवर त्यांच्याबरोबर मी हजर होतो.

त्या वस्तीवरची शाळा बाईंची लाडकी. अर्धी पोरं घरात कन्नड बोलायची, बेंदूर आपल्या आधी महिनाभर करायची. तिथं गंगव्वा नावाची बाई पोरांची खिचडी शिजवायची. आदल्या खेपेला चुलीशी बसून तिनं बाईंना एक गोष्ट सांगितली होती. बाईंनी ती टिपून घेतली आणि त्याचं पुस्तक केलं. त्यांच्या सगळ्या पुस्तकांत मुलांना तेच जास्त आवडायचं. गोष्ट एवढीशीच आहे. दुष्काळाचं साल. घरात बैल नाही, आणि प्यायला उरलंय ते तांब्याभर पाणी. बेंदराच्या दिवशी पोरगी मातीच्या बैलासाठी हटून बसते. आई पोटाला चिमटा घेते, अर्ध्या पाण्यात माती मळते आणि बैल करून देते. दुसऱ्या दिवशी उन्हानं बैल भेगाळतो, मोडून पडतो. पोरगी रडायला लागते. आई ती माती ओंजळीत घेऊन रानात टाकते आणि म्हणते, "रडू नगंस. त्यो नांगराला गेलाय."

त्या दिवशी बाई तेच पुस्तक वाचून दाखवत होत्या. चौथ्या पानावर एक पोरगं ओरडलं, "ही तर आमच्या गंगव्वामावशीची गोष्ट हाय!" लगेच सगळी पोरं तेच म्हणायला लागली. गंगव्वा दारात उभी होती, हातात खिचडीचा डाव.

"न्हाई रं," ती म्हणाली, "पुस्तकात हाय म्हंजी बाईंचीच." मग जरा आत आली. "बाई, त्यात माजं नाव हाय का? मला वाचाय येत न्हाई."

बाईंनी पुस्तक उघडलं. मलाही माहीत होतं तिथं काय छापलंय. गोष्टीच्या नावाखाली बारीक अक्षरांत एकच शब्द होता, 'पारंपरिक'.

"ही गोष्ट तुमच्याकडं सगळे सांगतात ना, गंगव्वा?" बाईंनी विचारलं. विचारतानाच त्यांचा आवाज खाली गेला होता.

"सगळी कशाला सांगतील? माज्या घरातलं हाय त्ये. त्या साली टँकर चार दिसातनं एकदा यायचा. ती पोरगी म्हंजी माजी रेणू. आता बारावीला हाय, सांगलीला."

स्टँडभर घुमणारा आवाज ज्यांचा, त्या बाई उकिडव्या बसल्या आणि गंगव्वाकडं न बघता म्हणाल्या, "नाव नाही घातलं गं. मी विचारलंच नाही. चुकलं माझं."

"आसू द्या की," गंगव्वा म्हणाली. "तवा ऱ्हायलं आसंल. आता लिवा."

बाईंनी माझ्या खिशातलं पेन घेतलं. शाळेच्या त्या प्रतीवर 'पारंपरिक' शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ही गोष्ट जत तालुक्यातल्या गंगव्वानं सांगितली. ती तिच्याच घरात घडली.' मग मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गंगव्वा पदर तोंडाला लावून खिचडी करपंल म्हणून पळाली.

परतीच्या गाडीत बाईंनी माझ्याकडून पिशवी घेतली आणि आतल्या प्रती मोजल्या. मग म्हणाल्या, "एक प्रत झाली. बाकीच्या?"

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल की."

"प्रकाशक म्हणतो, दुसरी आवृत्ती इतक्यात निघत नाही. पोटात आज दुखायचं आणि औषध पुढच्या आवृत्तीत?" बाहेर बघत त्या पुढं म्हणाल्या, "मला वाटायचं, गोष्ट सगळ्यांची असते. सगळ्यांची म्हणता म्हणता मी ती कुणाचीच नाही करून टाकली."

पुस्तक कुठंकुठं गेलं त्याची त्यांच्याकडं चार पानांची यादी होती. ती घेऊन बाई निघाल्या. पुढची दोन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. नवं पुस्तक लिहिलं नाही, सत्काराची बोलावणी घेतली नाहीत. सकाळच्या गाडीनं निघायचं, एखाद्या शाळेत पोचायचं, कपाट उघडायला लावायचं, नाव लिहायचं आणि परतायचं. वडूजजवळच्या एका शाळेत कपाटाची किल्ली निवडणुकीच्या कामावर गेलेल्या मास्तरांकडं होती. बाई दोन दिवस त्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तेव्हा आतलं पुस्तक कोरं करकरीत होतं. पानं एकमेकांना चिकटलेली. नाव लिहून झाल्यावर त्यांनी ते तिथल्या पोरांना वाचून दाखवलं आणि निघताना मास्तरांना म्हणाल्या, "मी नाव लिहिलं. वाचणारं कोण आहे, ते तुम्ही बघा." पोरं खुळी बाई म्हणायची, मास्तर लोक त्याहून वाईट म्हणायचे. सगळं त्यांच्या कानावर यायचं.

आमच्या वाचनालयात त्या पुस्तकाच्या पाच प्रती होत्या. बाई आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो.

"ग्रंथपाल, पेन द्या."

"बाई, वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिता येत नाही." माझ्या डोक्यावर तशी पाटीच होती. "लेखिका असलात तरी नियम तो नियम. आपण चिठ्ठी चिकटवू."

"चिठ्ठी निघते."

"मग पेन्सिलीनं लिहा."

"पेन्सिल खोडता येते." त्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि एकामागून एक सगळे पेपर वाचायला लागल्या. शोकसभांच्या जाहिरातीसुद्धा. दुपारी बंद करायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. शेवटी मीच पाचही प्रती आणून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी पाचही ठिकाणी सारख्याच सावकाश अक्षरात लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि माझ्याकडं बघून एकदाच मान हलवली.

त्या गेल्यावर मी रजिस्टर काढलं. गंगव्वाला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिचा प्रश्न माझ्या कानांनी ऐकला होता. तरीही मी त्या पाच प्रतींपुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पानावर लिखाण. खराब.' ग्रंथपालाला काही दिसलं की तो नोंद करतो, एवढंच मला तेव्हा वाटलं.

काही वर्षांनी वाचनालयाचं काम संगणकावर घ्यायचं ठरलं. प्रत्येक पुस्तकाला बारकोडची पट्टी चिकटवायची होती. फाटकी, डागाळलेली, लिहिलेली पुस्तकं बाद करायची होती. संगणकावर नोंदी करायला आलेल्या मुलीनं मला विचारलं, "सर, खराब शेरा असलेली सगळी बाद ना?" मी दुसऱ्या कागदावर सही करत होतो. वर न बघता म्हणालो, "हो, सगळी." पोती भरली, टेम्पो आला, रद्दी गेली.

काय झालं ते मला दोनेक महिन्यांनी कळलं. एका शिक्षिकेनं ते पुस्तक मागितलं. मी फळीवर बघितलं, संगणकावर बघितलं, मग रजिस्टर उघडलं. माझंच अक्षर होतं. बाईंना कळवायला हवं होतं. पोस्टकार्ड घेतलं, 'सा. न. वि. वि.' लिहिलं आणि पुढं काही सुचेना. ते कार्ड ड्रॉवरमध्ये राहिलं.

मग बाई आल्या. तो त्यांचा आमच्या गावचा शेवटचा फेरा होता, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. फार वाळल्या होत्या, हातात काठी आली होती. टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ग्रंथपाल, गंगव्वाचं पुस्तक दाखवा जरा. कसं राहिलंय बघू."

सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बाहेर गेलंय, बाई. वाचायला."

"पाचही?"

"पाचही."

तो चेहरा मी विसरू शकत नाही. काठी टेकून त्या उठल्या आणि पेपर वाचत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना जाऊन सांगितलं, "पाचही प्रती बाहेर आहेत! पाचही!" त्या बिचाऱ्यांना काही समजलं नाही, पण ते हसले. मग बाई माझ्याकडं वळल्या. "मग मी थांबत नाही. बाहेर गेलेलं पुस्तक कपाटातल्यापेक्षा बरं."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्याशी भांडले, ते मनात ठेवू नका. किती शाळांत मी लिहिलेलं पान फाडून टाकलंय, तुम्हाला सांगते. तुम्ही राखलंत." तेव्हाही बोलता आलं असतं. गाडी यायला चांगली दहा मिनिटं होती. मी शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि त्यांना खिडकीशी जागा धरून दिली.

त्याच थंडीत बाई साताऱ्यात वारल्या. पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. मी गेलो नाही. तोंड कुणाला दाखवायचं, असं मनाला सांगितलं. खरं तर तोंड बघायला आता कुणी नव्हतं, म्हणून जाता आलं असतं.

गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी एक बाई आली. तिशीची, खांद्याला पर्स, चपला दारात काढून आत आलेली. "सर, मी रेणुका. सांगलीला नर्स आहे. आमचं मूळ गाव जतकडं." पुढं तिनं सांगायच्या आधीच मी ओळखलं.

गंगव्वा उन्हाळ्यात वारली होती. शेवटपर्यंत ती भेटेल त्याला सांगायची, माजं नाव पुस्तकात हाय, सातारा-सांगलीच्या लायब्रीत हाय. वस्तीवरच्या शाळेतली प्रत वाळवीनं खाल्ली. रेणुकाची मुलगी आता तिसरीत आहे. तिला आजीचं नाव दाखवायचंय म्हणून रेणुका एकेक वाचनालय फिरत होती. आमचं चौथं.

"तुमच्याकडं पाच आहेत, असं आई म्हणायची. बाईंनी तिला सांगितलं होतं. सर लय चांगले आहेत, जपून ठेवलीत, म्हणायच्या."

मी तिला बसवलं. मग रजिस्टर काढून तिच्यापुढं ठेवलं आणि पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. शेरा मी लिहिला, बाद करायला मी सांगितलं, रद्दी माझ्यासमोर गेली. ती माझं अक्षर वाचत होती. 'खराब' या शब्दावर तिची नजर बराच वेळ थांबली.

"बाईंना ठाऊक होतं हे?"

"नाही. त्या विचारायला आल्या होत्या. मी सांगितलं, पाचही बाहेर गेलीत. त्यांना फार आनंद झाला." हे सांगताना मला आत कुठंतरी वाटत होतं की ती आता म्हणेल, बरं केलंत, म्हातारं माणूस, कशाला दुखवायचं. एवढी वर्षं मी तेच स्वतःला सांगत आलो होतो.

ती रागावली नाही. पेशंटच्या नातेवाइकाला औषधाची वेळ समजावून सांगावी, तशा आवाजात म्हणाली, "सांगायला पाहिजे होतं सर. त्यांच्याजवळ असतील की घरी प्रती. त्या परत आल्या असत्या. परत लिहिलं असतं."

काठी टेकत, जमलं नसतं तरी, बाई पुढच्याच मंगळवारी पावणेअकराच्या गाडीनं आल्या असत्या. माझ्याशी भांडल्या असत्या. पेन मागितलं असतं.

आठवतील तेवढ्या शाळांची नावं मी तिला कागदावर लिहून दिली. वडूजच्या बाजूची ती शाळाही. तिनं विचारलं, "वडूजला कुठनं जायचं?" मी म्हणालो, "विट्यावरनं गाड्या आहेत." मग उठलो. "मी येतो बरोबर. तिथले मास्तर माझ्या ओळखीचे आहेत."

रेणुका चपला पायात सरकवत होती. तिनं फळ्यांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. "नको सर," ती म्हणाली. "तुमी हितंच थांबा. कुणी पुस्तक मागाय आलं तर माणूस पाहिजे."